नजीरभाईंनी न विकलेले मासे

नजीरभाई, माणूस जाऊन महिना होतो न होतो तोच त्याच्यावर चिडून लिहायला बसणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण तुम्ही मला ओळखता. मी गोड बोलून सुरुवात केली असती तर तुम्हालाच शंका आली असती की या ताईंना आज झालंय काय.

चिडलेय ती एवढ्यासाठी, की समुद्री मासे पाळायचे म्हणून दुकानात येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला तुम्ही खरं सांगत आलात. इतकं खरं, की निम्मे लोक आल्या पावली परत जायचे. लाईट गेली की हे मरतात, तुम्ही गावाला गेलात की हे मरतात, घाई केलीत तर त्याच्याही आधी मरतात, हे तुमचं ठरलेलं. आणि स्वतःच्या छातीत कळ यायला लागली तेव्हा मला काय सांगितलंत? ‘पित्त हो ताई, कालची बिर्याणी बाधली.’ मी विश्वास ठेवला. तुम्हाला खोटं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. त्या सकाळी टाक्यांत पाणी घालता घालता तुम्ही स्टुलावर बसलात ते उठलाच नाहीत. डॉक्टरकडे जा म्हणून मी तुमच्या मागे लागले असते हो, हात धरून नेलं असतं. पण तुम्ही मला तेवढी संधीच दिली नाहीत.

आपली ओळखसुद्धा भांडणातूनच झाली. मुलं शिकायला बाहेर गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हाची गोष्ट. आमच्या ट्रकच्या कामासाठी वाशीला गेलो होतो, तिथल्या एका हॉटेलात भिंतीएवढी काचेची टाकी होती. निळ्या उजेडात केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे एका जागी नुसते डुलत होते. मी जेवण सोडून तिथेच उभी राहिले. आमचे हे म्हणाले, ‘चला, पावभाजी थंड होतेय.’ मी म्हटलं, होऊ दे. इतक्या वर्षांत मला स्वतःसाठी म्हणून काही हवंसं वाटलं ते तेवढंच.

घरी आल्यावर टाकी बनवून घेतली, सकाळी भरली आणि दुपारी चोंढी-किहीम रस्त्यावरच्या तुमच्या दुकानात येऊन उभी राहिले. बोट दाखवलं, म्हटलं, हे दोन द्या. तुम्ही विचारलंत, टाकी कधी भरलीत? आज सकाळी, मी म्हटलं. तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत, मागच्या पडद्याआड ‘दोन चहा’ म्हणून सांगितलंत आणि शांतपणे म्हणालात, ‘चहा घ्या ताई. मासा नाही मिळणार.’

मग सुरू झालं ते तुमचं. टाकी मुरायला पाहिजे म्हणे. दगड आणि वाळू घालून नुसतं खारं पाणी फिरवत ठेवायचं. माशांची घाण पचवणारे बारीक जीव डोळ्यांना दिसत नाहीत, ते त्या दगडांवर आधी वाढायला हवेत. त्याला महिना लागेल, सव्वा लागेल, कधी जास्तही. लोणचं घातल्या दिवशी पानात वाढता का, असं मला विचारलंत. मला, म्हणजे दिवसभर ड्रायव्हर-क्लीनरांशी तोंड वाजवून पोट भरणाऱ्या बाईला. मी म्हटलं, ‘अहो, दुकान मांडून बसलात की प्रवचनाला?’ तुम्ही हसलात. तुमचा तो एक किडका दात तेव्हा पहिल्यांदा दिसला. ‘सब्र ठेवा ताई, सब्र,’ म्हणालात. चहा मात्र चांगला होता.

मी कसली सब्र ठेवतेय. नव्या मुंबईत जाऊन दुसऱ्याच दुकानातून मासे आणले. समुद्राचं पाणी बनवायच्या मिठाची पाकिटंही घ्या म्हणत होते, पण मी म्हटलं, समुद्राचं मीठ मी विकत घेऊ? माझं माहेर पेणकडचं, मिठागरवाल्यांचं. भावाला फोन केला तर तोही म्हणाला, ‘आपलंच मीठ हाय ना, मग इकत कशाला आनतेस? गोनी पाठवतो.’ ट्रक त्या बाजूनं येतच होता, त्यात गोणी आली. मी चव घेऊन घेऊन टाकीत मीठ घातलं, अगदी आमटीत घालावं तसं. पुढं काय झालं ते सांगायला नको. तिसऱ्या दिवशी मेलेले मासे स्टीलच्या डब्यात घालून मी तुमच्या दुकानात हजर.

तुम्ही हसला असतात तर मी तो डबा तुमच्या डोक्यावर ओतला असता. पण तुम्ही हसला नाहीत. डबा उघडून बराच वेळ बघत राहिलात, मग विचारलंत, ‘मीठ कुठलं?’ मी ऐटीत सांगितलं, आमच्या आगराचं. तुम्ही म्हणालात, ‘ताई, आगरात मीठ धरलं की खाली जे कडू पाणी उरतं, त्याचं काय करता?’ मी म्हटलं, काय करणार, सोडून देतो खाडीत. ‘मग,’ तुम्ही म्हणालात, ‘माशाला जे पाहिजे त्यातलं बरंचसं त्या पाण्यात गेलं ना. तुमच्या गोणीत नुसता खारटपणा राहिला.’

लहानपणापासून मी ते कडू पाणी पायानं तुडवत आले होते. बांधावरून वाकून बोट बुडवायचं आणि थू थू करायचं, हा आम्हा भावंडांचा खेळ होता. त्यात काय असतं हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कधी विचार केला नव्हता. तुम्ही मिठाचं पाकीट दिलंत, खारटपणा मोजायची नळी दिलीत आणि निघताना सांगितलंत की पुढचा महिनाभर टाकीत फक्त पाणी ठेवा, रोज बसा तिच्यासमोर, वाटल्यास शिव्या घाला मला. मी रोज घातल्या.

पण नंतर तुम्ही जे केलंत ते काही बरं केलं नाहीत. येईल त्या नवशिक्याला माझी गोष्ट सांगायला लागलात. ‘आमच्याकडे एक ताई आहेत, त्यांनी आगराचं मीठ टाकलं.’ लोक खो खो हसायचे, मी कधी कधी तिथेच उभी असायची. मी म्हटलं, नजीरभाई, माझी अब्रू काढता काय चारचौघांत? तर म्हणे, ‘नाव कुठे घेतो? एक ताई म्हणतो.’ अहो, सगळ्या चोंढीत मिठागरवाली ताई एकच आहे, भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

आपलं खरं भांडण होतं ते यावरूनच, आणि ते मिटलं नाही. मी म्हणायचे, तुम्ही खरं बोलता ते कबूल, पण तुमच्यापुढे नवा माणूस उभा राहायला घाबरतो. सगळ्यांच्या चुका सांगता, स्वतःची एक तरी सांगा. तुमचंही काही मेलं होतं हे कळलं तर त्यांना धीर येईल, ते ऐकतील, पळून जाणार नाहीत. तुम्ही कपडा घेऊन काच पुसायला लागायचात. ‘माझी कुठली चूक ताई? मी गल्फमध्ये शिकून आलोय.’ तिकडे मोठ्या लोकांच्या बंगल्यांतल्या टाक्या तुम्ही वर्षानुवर्षं सांभाळल्यात, हे मान्यच आहे मला. पण ज्या माणसाच्या हातून एकही मासा मेला नाही तो माणूस मेलेल्या माशाचा डबा उघडून असा गप्प होईल का? मला तेव्हाच संशय यायचा. विचारलं की तुम्ही म्हणायचात, ‘घाबरलेला माणूस बरा ताई. तो परत गेला तर मासा तरी वाचतो.’ मग मी म्हणायचे, आणि दुकान? दुकान कसं वाचणार? की तुम्ही पुसायला पुढची काच घ्यायचात.

तुमचे ते शनिवार-रविवारवाले आठवतात? किहीमला नारळाच्या वाडीत बंगला बांधलेला एक गृहस्थ आला होता, पांढरी हाफ पँट, सोन्याची साखळी. हॉलमध्ये सहा फुटी टाकी पाहिजे, पाहुणे येतात, छाप पडली पाहिजे. तुम्ही एकच विचारलंत, ‘बुधवारी कोण असतं घरी?’ तो म्हणाला, बुधवारी कोण असणार, आम्ही मुंबईला असतो. तुम्ही म्हणालात, ‘मग बुधवारी मासा काय करेल?’ मी कोपऱ्यातून खुणा करतेय, अहो विका, विका, माळी ठेवेल तो खायला घालायला. तुम्ही उलट त्याला नारळाच्या झाडाखाली एक छोटं कमळाचं तळं करा म्हणून सल्ला दिलात, तोही फुकट. कमळ तुम्ही विकत नव्हतात.

मुलं आली की मात्र तुम्ही वेगळेच व्हायचात. त्यांना गोड्या पाण्यातले गप्पी द्यायचात आणि म्हणायचात, वर्षभर हे जगवून दाखव, मग मोठ्या समुद्राचं बोलू. कुणी किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणला की तुमचा आवाज चढायचा. हा गुन्हा आहे, आत जाशील, आणि त्याहून वाईट म्हणजे हे घर आहे कुणाचं तरी, असं म्हणून त्याला होतं तिथं परत ठेवायला लावायचात. आणि कुणाचा मासा मेला की तुम्ही स्वतः फोन करायचात. रागवायला नाही. काय झालं, पाण्याचा रंग कसा होता, वरून काय घातलंत, असं हळूहळू विचारत राहायचात, समोरच्याला रडायला येईपर्यंत. मग म्हणायचात, ‘होतं असं.’ एवढंच. ‘होतं असं’ हे तुम्ही इतक्या मायेनं म्हणायचात की मला वाटायचं, हा माणूस कुणाच्या तरी वतीनं माफी मागतोय.

आणि ते वादळ. सगळ्या तालुक्याची लाईट गेली, खांब आडवे झाले, कधी येईल ते कुणालाच सांगता येईना. तुमचा इन्व्हर्टर बंद पडला तेव्हा तुम्ही आणि भाभी आळीपाळीनं मगनं पाणी उपसून वरून ओतत होतात, टाकीत हवा मिसळावी म्हणून. मी बघायला आले तर हातातला मग न थांबवता तुम्ही मला म्हणता, ‘ताई, मोठ्या टाकीपाशी उभ्या राहा.’ मी म्हटलं, मूर्ख आहात का, आणि घरी जाऊन उभ्या ट्रकांच्या बॅटऱ्या काढायला लावल्या. आमचे हे ओरडत होते, गाड्या काय ढकलत न्यायच्या? पण रस्ते झाडांनी बंदच होते, गाड्या जाणार कुठं. एक बॅटरी उतरली की तुमच्या इन्व्हर्टरला दुसरी लावायची, असं करत आपण ते दिवस काढले. बरेचसे वाचले, काही गेले. लाईट आली त्या दुपारी तुम्ही रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतात, ‘मिठागरवाल्या ताईंनी वाचवले.’ त्या वेळी मात्र मला माझं नाव घेतलेलं चाललं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, ती आता सांगते. मुलं गेल्यावर माझं घर मला खायला उठायचं. संध्याकाळ झाली की मी उगाच कुणाला तरी फोन लावायची, कुणाशी तरी भांडायची. तो महिनाभर नुसत्या पाण्यापुढे बसायला लावलंत ना मला, त्या महिन्यात मी पहिल्यांदा गप्प बसायला शिकले. दगडावर आधी तपकिरी बुरशीसारखं काही आलं, ते गेलं, हिरवं आलं, मग कुठूनसा केसाएवढा एक किडा फिरताना दिसला आणि मी ह्यांना हाका मारून मारून बोलावलं. अजून मासा नव्हता, पण घरात काहीतरी जिवंत होतं. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही तेही नवशिक्यांना सांगत सुटला असतात, ‘आमच्याकडे एक ताई आहेत,’ म्हणून. आभारी आहे, नजीरभाई. तुमच्यासमोर हा शब्द तोंडातून निघाला नाही.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते ऐका आता. रुकय्याभाभी इद्दतीत बसल्या आहेत. चार महिने दहा दिवस बाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषांसमोर यायचं नाही, त्यामुळे दुकान आणि घर यांच्यात जो एक पडदा आहे, त्याच्या अलीकडे त्या येत नाहीत. पण टाक्यांना कुठली इद्दत. रोज थोडं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून गोडंच पाणी घालायचं. नव्या माणसाला वाटतं खारं घालायचं आणि तो बरोबर उलटं करतो. हे तुम्ही माझ्याकडून इतक्या वेळा पाठ करून घेतलंय की हात आपोआप चालतो. म्हणून मी सकाळी येते, शटर वर करते, पाणी बघते, खायला घालते. पडद्याच्या पलीकडून भाभींचा चहा येतो. तुम्ही असताना यायचा तसाच.

तुमचा लेक इम्रान दोह्याहून फोन करतो. त्याचंही बरोबर आहे, त्याला तिथून काही बघता येत नाही. त्यानं पनवेलचा एक व्यापारी शोधला, दुकान माल-टाक्यांसकट घ्यायला तयार असलेला. तो गृहस्थ येऊन बघून गेला. मला म्हणाला, ‘मॅडम, कस्टमरला लेक्चर नको असतं, रेडी सेट पाहिजे. टाकी, मीठ, दोन मासे, सगळं एका खोक्यात. सकाळी घ्या, संध्याकाळी घरात चालू.’ मी विचारलं, आणि आठवड्यात मेले तर? तो म्हणाला, ‘मग परत येतील ना घ्यायला.’ असं हसत म्हणाला, जसं काही मला धंद्यातली युक्तीच शिकवतोय.

तो गेल्यावर भाभी पडद्याआडून म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही थोडे दिवस चालवून बघा. चाललं तर ठेवू. न्हाय चाललं तर देऊन टाकू, मी तरी एकटी काय करू?’ म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. दुकान चाललं पाहिजे, म्हणजे विकलं गेलं पाहिजे. नाहीतर तुमच्या या पाण्यात तो माणूस खोकी भरायला बसणार. मी तुमच्याशी भांडायचे ना, दुकान कसं वाचणार म्हणून? आता ते भांडण माझ्या एकटीच्या पोटात सुरू झालं.

आज सकाळी एक मुलगी आली. म्हसळ्याची, अलिबागला एका लॅबमध्ये नोकरी करते, भाड्याच्या खोलीत एकटी राहते. टाकी घेऊन झालीय, दिवे घेऊन झालेत, मोबाईलवर बघून बघून सगळी नावं पाठ. निळा मासा पाहिजे, केशरी दोन पाहिजेत, आजच पाहिजेत. डोळे नुसते चमकत होते. मला वाशीचं ते हॉटेल आठवलं. ती म्हणाली, ‘मिठाचा खर्च नाही करणार हां मी. किहीमचा समुद्र इथेच आहे. दोन कॅन भरून आणते, झालं.’

नजीरभाई, त्या क्षणी मी तुमच्यासारखी वागले नाही. त्या पनवेलवाल्याचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर होतं. इतक्या दिवसांत आलेलं हे पहिलं धड गिऱ्हाईक होतं. माझ्या तोंडातून निघत होतं, ‘चालेल, गाळून घे म्हणजे झालं.’ अर्धं निघालंही.

तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला. ‘ताई, त्या पोरीला आत पाठवा.’

मीही मागोमाग गेले. भाभी पलंगावर बसल्या होत्या, पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेली, चेहरा एवढासा झालेला. मुलीला जवळ बसवून घेतलं, कुठली, कुणाची, विचारलं. मग म्हणाल्या, ‘आमचं गाव आगरदांडा. जेट्टीला लागून घर. दिघीला फेरी जाते ना, तिथंच. हे गल्फमधून आले तेव्हा पहिलं दुकान तिथं काढायचं ठरवलं. मला म्हणाले, रुकय्या, तिकडं वाळवंटात समुद्र पाकिटातून बनवतात, आपल्या तर दारात हाय. ऐन पावसात माझ्या भावाच्या होडीतून पिंपं भरून आणली. मी बोट बुडवून जिभेला लावलं. मी म्हटलं, अहो, हे खारं न्हाय. डोंगरावरचं सगळं पाणी खाडीला उतरलंय, वर गोडं तरंगतंय, होड्यांचं डिझेलपण हाय. मला म्हणाले, तू जेवण बघ.’

मुलगी हसली. मीही हसणार होते, पण भाभी हसत नव्हत्या.

‘मुंबईहून मासे आणले. दुकान उघडायच्या दिवशी सगळे मेले. सगळे. माणसं बोलावलेली, मौलवीसाहेब दुआ करायला आलेले, टेबलावर पेढे, आन टाक्यांत काय न्हाय. हे आत येऊन भिंतीकडं तोंड करून रडले. मग म्हणाले, रुकय्या, समुद्राच्या काठावर जन्मलो म्हणून मला वाटलं मला समुद्र कळतो. हे कुणाला सांगू नको. गावात तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून इकडं किहीमकडं आलो आम्ही. मी आजवर कुणाला सांगितलं न्हाय.’

मुलीनं विचारलं, ‘मग मला का सांगताय?’

भाभींनी ओढणी सारखी केली. ‘रागवायला ते आता न्हायत ना,’ म्हणाल्या.

मी दारातच उभी होते. इतकी वर्षं ज्याच्यावरून आपण भांडलो ते पडद्याच्या एवढ्याशा अंतरावर होतं. आता कळलं मला, डबा उघडून तुम्ही का गप्प बसला होतात. माझी फजिती हसत हसत सांगताना तुम्ही दर वेळी तुमचीच सांगत होतात, फक्त आगरदांड्याच्या ऐवजी पेण म्हणायचात. मला नुसतं सांगितलं असतंत तर मी कुणाकडे बोलले असते का? बोलले असते म्हणा. पण तरी सांगायला हवं होतंत हो. मला फार वाईट वाटलं, आणि तुमची फार आठवण आली, आणि पुन्हा चीडही आली, सगळं एकदमच.

भाभींनी मुलीला सांगितलं की महिनाभर नुसतं पाणी ठेव, पाकिटातलं मीठ घाल, आणि रविवारी सुट्टी असेल तेव्हा येऊन मला सांगत जा, मी इथंच असते, कुठं जात न्हाय. लाईट गेली तर काय करायचं ते या ताईंना विचार. मुलगी किती तरी वेळ बसली. तिनं विचारलं, तरी मेले तर? भाभी म्हणाल्या, ‘मरतील की. पहिल्यांदा एखादा मरतोच. तेव्हा पण ये.’ तुम्ही हे इतकं सरळ कधी म्हणाला नव्हतात. मुलगी घाबरली नाही, उलट मोबाईल बाजूला ठेवून ऐकायला लागली. बघा, मी म्हणत होते ते बरोबर होतं की नाही. पण ते म्हणायला भाभीच लागल्या, माझ्या तोंडून तर भलतंच निघत होतं.

किती पाण्याला किती मीठ ते ती लिहून घेऊन गेली. पगार झाला की मिठासाठी येते म्हणाली. मी आत जाऊन म्हटलं, भाभी, आजचा दिवस असाच गेला, काही खपलं नाही. त्या म्हणाल्या, ‘ते असताना तरी कुठं खपत होतं?’ आणि तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, ‘इम्रानला फोन लावून द्या. पनवेलवाल्याला न्हाय म्हणून सांगते. मी पडद्याआडून बोलेन, तुम्ही बाहेर बघा, इद्दत संपली की मी बाहेर बसेन.’ मी दोह्याला फोन लावून दिला आणि बाहेर येऊन तुमच्या टाक्यांत गोडं पाणी घातलं.

किती दिवस चालेल मला ठाऊक नाही, नजीरभाई. कदाचित वर्षभरात बंद करावं लागेल, कदाचित माझे ट्रकच दुकानाला पोसतील आणि आमचे हे दोन्ही घरांवर ओरडतील. पण तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून सांगते. दुकान उघडं आहे. आज एकही मासा विकला नाही.